बंदरातला गाळ विषयपत्रिकेवर आणताना

सागरी मासेमारीच्या जिल्हा सल्लागार समितीच्या बैठकीत बंदराच्या गाळाचा विषय येतो तो सातव्या-आठव्या क्रमांकाला. तोवर चहा होऊन गेलेला असतो, अध्यक्षांना पुढच्या बैठकीचा निरोप आलेला असतो आणि निम्मे अधिकारी फायली आवरायला लागलेले असतात. सुरुवातीचे दोन तास पर्ससीन (मोठी घेर-जाळी), एलईडी दिव्यांची मासेमारी आणि परराज्यातले ट्रॉलर खातात, आणि ते साहजिकही आहे. मासेमारी कायद्याच्या २०२१ च्या सुधारणेनंतर एलईडीच्या मासेमारीला दंड ५ लाखांपासून २० लाखांपर्यंत गेला आणि तो ठोठावायचं काम तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांकडे आलं. तेव्हापासून प्रत्येक बैठकीत दोन्ही बाजूंची माणसं तयारीनिशी येतात. गाळ, धक्का, लिलावाची जागा, बर्फाच्या गाड्या या विषयांना उरतात दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांची तयारी पावसाळ्यातच सुरू करावी लागते. आमच्यासारख्या मच्छीमार सहकारी संस्थांना ती कशी करावी लागते, एवढंच इथे लिहितो आहोत.

पहिली ठेच बहुतेकांना एकाच जागी लागते. ही समिती आहे १९८१ च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियमाखालची. शासनाला एखाद्या पट्ट्यात मासेमारीवर बंधन घालायचं असेल तर सल्ला द्यायचा, हे तिचं मूळ काम. तो सल्ला कशाकडे पाहून द्यायचा हेही कायद्यात आहे: पारंपरिक मच्छीमारांचं हित, माशांचं संवर्धन, समुद्रातली कायदा-सुव्यवस्था. गाळ त्यात कुठेच नाही. त्यामुळे ‘बंदरातील गाळ काढणेबाबत’ असा विषय पाठवला की तो ‘समितीच्या कक्षेबाहेर’ म्हणून बाजूला पडतो, आणि तसं करणाऱ्याची चूकही म्हणता येत नाही.

विषय मांडावा लागतो तो नियमनाच्या अंगाने. ओहोटीला धक्क्याला पाणी नसलं की बोट बाहेर नांगर टाकून भरतीची वाट बघते, नाहीतर दुसरीकडे कुठेतरी माल उतरवते. त्या ‘दुसरीकडे’ सुरक्षा रक्षक नसतो, बोटीचं समुद्रात जाण्याचं टोकन तपासलं जात नाही, सागरमित्राच्या (मत्स्यव्यवसाय खात्याच्या गावातल्या मदतनीसाच्या) वहीत मासळीची नोंद होत नाही. परवाना नसलेली बोट नेमकी अशाच ठिकाणी माल काढते. ‘अधिकृत उतरणी केंद्र ओहोटीच्या वेळी वापरता येत नसल्याने बोटींची तपासणी व मासळीची नोंद होत नाही’ असं वाक्य घातलं की तोच गाळ समितीच्या कक्षेत येतो. यात लबाडी काही नाही, वस्तुस्थितीच आहे. फक्त ती समितीच्या भाषेत सांगावी लागते.

दुसरी गोष्ट, पाणी कोणाचं हे आधी ठरवा. पाण्यावरून बघताना सगळं बंदर एक दिसतं, कागदावर त्याचे चार-पाच तुकडे असतात. बंदर हद्दीतला बोटींचा मार्ग महाराष्ट्र सागरी मंडळाचा. त्यांचे बंदर निरीक्षक गावात किंवा तालुक्यात असतात आणि वर प्रादेशिक बंदर अधिकारी. बांद्रा, मोरा, राजपुरी, रत्नागिरी आणि वेंगुर्ला असे त्यांचे पाच गट आहेत. धक्का कधी मत्स्यव्यवसाय खात्याने बांधलेला असतो, कधी सागरी मंडळाने, कधी जुन्या कुठल्या योजनेतून, आणि दुरुस्ती कोणी करायची हे कोणालाच आठवत नसतं. भरतीरेषेच्या वरची जागा महसूल खात्याची किंवा ग्रामपंचायतीची. तळातली वाळू गौण खनिज म्हणून पुन्हा महसूलकडे. काठावरची कांदळवनं वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे. चुकीच्या दारात टाकलेलं पत्र दोन महिन्यांनी परत येतं आणि त्यावर ‘सदर बाब या कार्यालयाशी संबंधित नाही’ एवढंच असतं. त्यामुळे जागेचा सातबारा, बंदर हद्दीचा नकाशा आणि धक्क्याच्या बांधकामाचा जुना कार्यारंभ आदेश हे तीन कागद आधी मिळवायचे. आदेश सापडत नसेल तर माहिती अधिकारात मागायचा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एका अर्जात एकच विषय, शब्द १५० च्या आत. उत्तराची मुदत ३० दिवसांची, म्हणजे हा अर्ज ऑगस्टमध्येच गेलेला बरा.

आता मोजणी. ‘गाळ फार साचलाय, बोटी टेकतात’ हे समितीने दहा वर्षं ऐकलेलं असतं. आकडा ऐकलेला नसतो. सागरी मंडळाचं जलमापन सर्वेक्षण यंत्राने होतं आणि खर्चाचं अंदाजपत्रक त्यावरच बनतं. पण ते सर्वेक्षण व्हावं म्हणून आधी आपला आकडा लागतो, आणि तो घरच्या सामानावर निघतो. तीन-चार किलोचं सपाट बुडाचं शिसं, दहा मीटर दोर, एक सरळ लांब बांबू आणि एक छोटी होडी. दोर आधी भिजवायचा, वजन लटकवून ताणायचा आणि मगच पाव-पाव मीटरवर खुणा करायच्या. कोरड्या दोरावर केलेल्या खुणा पाण्यात सरकतात. ज्यांचा हात वावावर (दोन हात पसरून होणाऱ्या मापावर) बसलाय त्यांनी वावात मोजलं तरी हरकत नाही, पण लिहिताना मीटरच लिहा.

वेळ निवडायची ती मोठ्या उधाणातल्या ओहोटीची. जुनं गणित सगळ्यांना पाठ असतं: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. द्वितीयेला दीड वाजता भरती, म्हणजे ओहोटी सकाळी साडेसातच्या सुमारास. रत्नागिरीपासून खाली यापेक्षा थोडी आधी धरावी. उधाणाचा जोर ऐन अमावस्या-पौर्णिमेला नसतो, एक-दोन दिवसांनी येतो, म्हणून द्वितीया-तृतीयेची ओहोटी बरी. दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या उतरत नाहीत. जास्त उतरणारी कोणती हे छापील भरती-ओहोटीच्या तक्त्यात आदल्या दिवशी पाहून ठेवायचं.

खरी मेख पुढे आहे. मोजता मोजता तासभर जातो आणि तेवढ्यात पाणी वर-खाली झालेलं असतं, त्यामुळे पहिला आणि शेवटचा आकडा एकमेकांशी जुळत नाहीत. बऱ्याच संस्थांच्या मोजण्या इथेच फुकट जातात, कारण अभियंता पहिला प्रश्न हाच विचारतो की पातळी कुठून धरली. उपाय सोपा आहे. धक्क्याच्या एका खांबावर तांबड्या ऑइलपेंटने आडवी रेघ मारायची. एक माणूस तिथे टेप घेऊन बसतो आणि दर पाच मिनिटांनी रेघेपासून पाण्यापर्यंतचं अंतर वेळेसकट लिहितो. होडीतला माणूस शिसं सोडतो, खोली सांगतो, तिसरा वेळ लिहितो. नंतर दोन्ही आकड्यांची बेरीज केली की प्रत्येक ठिकाणचा तळ रेघेपासून किती खाली आहे ते कळतं, पाणी कितीही हललेलं असो. अभियंत्याला ती एक रेघ त्याच्या सर्वेक्षणाच्या शून्य पातळीशी जोडून घेतली की पुरतं. ही रेघ दरवर्षी रंगवायची, आणि धक्क्याला रंगकाम निघालं की ती पुसली जाणार नाही यावर डोळा ठेवायचा.

प्रत्येक ठिकाणी शिसं आणि बांबू दोन्ही टाकायचे. शिसं गाळाच्या पृष्ठावर टेकतं. बांबू जोर लावून दाबला की मऊ चिखलातून खाली जातो आणि कातळ किंवा घट्ट वाळू लागली की टणकन थांबतो. हाताला तो धक्का स्पष्ट कळतो. दोन आकड्यांतला फरक म्हणजे मऊ गाळाची जाडी. चिखल असला तर एक यंत्र लागतं, वाळू असली तर दुसरं, आणि कातळ असला तर सगळं अंदाजपत्रकच बदलतं. बांबू न टाकता केलेल्या मोजणीवर निविदा निघते, कंत्राटदार येतो, पोकलेनच्या दातांना कातळ लागतो आणि काम बंद पडतं. मग वाढीव दराची फाईल सुरू होते आणि ती पुढच्या पावसाळ्यापर्यंत फिरत राहते.

दर दहा मीटरला एक जागा, धक्क्याला समांतर तीन रांगा, आणि मग खाडीच्या तोंडापर्यंत मार्गाच्या मधोमध एक रांग. ही शेवटची रांग माणसं टाळतात कारण तिथे लाट असते. पण बहुतेक वेळा रोग तिथेच असतो. किनाऱ्याला समांतर वाहत येणारी वाळू खाडीच्या तोंडाशी दांडा, म्हणजे वाळूची आडवी पट्टी, धरते, पावसाळ्यात नदी वरून गाळ आणते, आणि लाटरोधक भिंत असेल तर तिच्या आडोशाला शांत पाणी मिळून तो तिथेच बसतो.

आकड्यांचं गणित पानभर नको, चार ओळींत बसवा. उदाहरणार्थ, धक्क्यासमोर १२० मीटर लांब, ४० मीटर रुंद पट्ट्यात सरासरी १.२ मीटर गाळ असेल तर तो ५,७६० घनमीटर. तोंडापासूनचा मार्ग ६०० मीटर लांब, २० मीटर रुंद, एक मीटर गाळ, म्हणजे १२,००० घनमीटर. धक्क्यावर उभं राहून दिसतो तो गाळ एक भाग, न दिसणारा दोन भाग. लाँग बूम पोकलेनचा हात पंधरा-अठरा मीटर पोहोचतो. धक्क्यावर उभ्या यंत्राने ४० मीटरचा पट्टा निम्मासुद्धा निघत नाही आणि मार्गाला तर ते स्पर्शही करत नाही. पुढे तराफ्यावरचं यंत्र किंवा ड्रेजर लागतो. तरीही मंजुरी बहुधा धक्क्यावरच्या पोकलेनलाच मिळते, कारण ते स्वस्त आहे आणि काम झालेलं फोटोत दिसतं. मग धक्क्यापुढे छान खोल हौद तयार होतो आणि बोट तोंडावरच टेकून उभी राहते. म्हणून मागणीत मार्ग आधी, धक्का नंतर, हा क्रम स्पष्ट लिहायचा.

काढलेला गाळ टाकायचा कुठे, याचं उत्तर नसेल तर समितीपुढे जाऊच नये. हा प्रश्न कोणीतरी विचारतोच आणि विषय तिथेच थांबतो. ५,७६० घनमीटर उपसल्यावर फुगतो. पाचवा हिस्सा वाढ धरली तर सुमारे ६,९०० घनमीटर, म्हणजे दहा घनमीटरच्या डंपरच्या जवळजवळ ६९० खेपा. रोज साठ खेपा झाल्या तरी बारा दिवस बाजारपेठेतल्या अरुंद रस्त्यावरून चिखल गळत जाणार. दुकानदार तिसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत जातात. कांदळवनावर टाकता येत नाही. खाडीच्या उथळ पाटावर टाकला तर तिसऱ्या आणि कालवं काढणाऱ्या बायांचं वर्षाचं उत्पन्न गाडलं जातं. या बाया समितीवर नसतात, त्यामुळे त्यांचा आक्षेप बैठकीत येत नाही, थेट काम सुरू झाल्यावर डंपरपुढे येतो. जागा ठरवताना त्यांना आधी सोबत घेऊन पाटावरून फिरावं. कुठे शिंपला आहे आणि कुठे नाही हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसतं. वाळू चांगली निघाली तर वेगळीच भानगड. ती विकायची म्हटली की स्वामित्वधन आलं, परवाना आला आणि रात्रीचे डंपर आले. विक्रीचा विषय गाळाच्या ठरावात मिसळू द्यायचा नाही. सीआरझेडची (किनारा नियमन क्षेत्राची) परवानगीही टाकण्याच्या जागेसह मागावी लागते. जागा बदलली तर पुन्हा पहिल्यापासून.

दरवर्षी कोणीतरी सुचवतं की १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोटी शाकारलेल्या असतात, तेव्हाच गाळ काढावा. कागदावर छान दिसतं. पण त्या दोन महिन्यांत तोंडावर तराफा उभा राहत नाही आणि काढलेला खड्डा नदी आठवड्यात भरून टाकते. कामाचा खरा काळ नोव्हेंबर ते एप्रिल, म्हणजे नेमका हंगामात, आणि इथे बंदराचा व्यापार आडवा येतो.

पहाटे बोटी लागतात, लिलाव होतो, टप आणि पाट्या भरल्या जातात, बर्फ फोडून पडतो, गाड्या निघतात. हे सगळं दोन-अडीच तासांत उरकावं लागतं, नाहीतर मासळीचा दर पडतो. यंत्र त्या वेळी धक्क्यावर चालूच शकत नाही. म्हणून ठरावाबरोबर वेळापत्रक द्यावं लागतं: लिलाव संपल्यापासून दुपारच्या बोटी लागेपर्यंत यंत्राचं काम, धक्क्याची एका वेळी एक तृतीयांशच लांबी बंद. माल उतरवलेल्या बोटीने अर्ध्या तासात जागा सोडायची. हा शेवटचा नियम एरवीही असायला हवा. आमच्या अनुभवात धक्क्याची निम्मी टंचाई गाळाने होते आणि निम्मी उतरून झाल्यावर जाळी शिवत तिथेच बांधून ठेवलेल्या बोटींनी. ही गोष्ट समितीत आपण कबूल केली तर बाकीच्या मागणीला वजन येतं. जिथे पर्यटनाच्या बोटीही त्याच धक्क्यावरून सुटतात तिथे त्यांच्या वेळाही आधीच बोलून घ्यायच्या. त्यांचा हंगाम मेच्या अखेरीस बंद होऊन सप्टेंबरात उघडतो, म्हणजे गाळाच्या कामाशी त्यांची गाठ पडतेच.

टिपण एका पानाचं. वर विषय, खाली मोजणीचे चार आकडे, मग मागणी, शेवटी कोणाकडून काय हवं. सोबत नकाशा, मोजणीचा तक्ता आणि ओहोटीचे दोन फोटो, ज्यांत तांबडी रेघ दिसली पाहिजे. मासळीच्या आवकेचा आकडा द्यायचा तर एकाच ठिकाणचा द्या. मत्स्यव्यवसाय खात्याचा आकडा आणि केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचा अंदाज वेगवेगळ्या पद्धतींनी निघतात. दोन्ही एका तक्त्यात घातले की दहा मिनिटं त्यातच जातात. टिपण सदस्य सचिवांच्या कार्यालयात देऊन पोच घ्यायची, आवक क्रमांक वहीत लिहायचा. बैठकीची नोटीस निघण्याच्या आधी दिलं तरच विषयपत्रिकेवर येतं, नाहीतर ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय’ या सदरात, म्हणजे माणसं उठता उठता. बिगरसरकारी सदस्यांची मुदत संपली आहे का हेही विचारून ठेवावं. मुदत संपून नवी नेमणूक रखडली की बैठकच होत नाही आणि वर्ष जातं.

बैठकीत तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, बोलू द्यावं, पण एकच वाक्य. “साहेब, अष्टमीच्या ओहोटीला रिकामी बोट टेकते, भरलेली कशी आणू?” एवढं पुरतं. भांगाच्या ओहोटीला, म्हणजे पाणी फारसं उतरत नाही तेव्हाही, बोट टेकते हे त्या एका तिथीतून जाणणाऱ्याला कळतं. बाकी आकडे कागदावर आहेत.

सगळ्यात जास्त लक्ष द्यायचं ते इतिवृत्ताकडे. समिती सल्लागार आहे, तिच्या हातात पैसा नाही. तिच्या सल्ल्यातून पुढे काय होणार हे इतिवृत्तातल्या क्रियापदावर ठरतं. ‘सदर विषयाबाबत संबंधित विभागाने आवश्यक ती कार्यवाही करावी’ असं छापून आलं की विषय संपला. संबंधित विभाग कोणता ते नाही, आवश्यक ती म्हणजे कोणती ते नाही, कधी ते नाही. त्याऐवजी असं वाक्य हवं: ‘प्रादेशिक बंदर अधिकारी यांनी खाडीच्या मुखापासून धक्क्यापर्यंतचे जलमापन सर्वेक्षण करून अंदाजपत्रक १५ डिसेंबरपूर्वी समितीस सादर करावे.’ हे वाक्य आयतं लिहून न्यायचं आणि चर्चा संपता संपता सदस्य सचिवांच्या हाती द्यायचं. त्यांनाही ते सोयीचंच असतं, कारण रात्री बसून इतिवृत्त त्यांनाच लिहायचं असतं. आणि पुढच्या बैठकीचा पहिला विषय ‘मागील इतिवृत्ताचा अनुपालन अहवाल’ असतो. तारीख घातलेली असेल तरच तिथे कोणाला तरी उत्तर द्यावं लागतं. इतिवृत्ताची प्रत आठवड्यात मागून घ्यायची आणि चुकीचं काही उतरलं असेल तर लेखी हरकत तेव्हाच द्यायची. पुढच्या बैठकीत ते कायम झालं की मग बोलून उपयोग नसतो.

पैसा येतो जिल्हा नियोजन समितीतून, सागरी मंडळाकडून, नाहीतर प्रधानमंत्री मत्स्य संपदेसारख्या योजनेतून. त्याची पायरी ठरलेली: अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. डिसेंबरात अंदाजपत्रक झालं तर मार्चअखेरीपूर्वी मान्यता मिळवून निधी अडकवून ठेवायचा आणि काम पुढच्या नोव्हेंबरात धरायचं. त्याच हंगामात काम होईल असं गावात सांगू नये.

काम निघाल्यावर देयक कशावर निघणार ते निविदेत वाचून घ्या. डंपरच्या खेपांवर असेल तर अर्धं पाणीच वाहून नेलं जातं. आधीचं आणि नंतरचं सर्वेक्षण यांतल्या फरकावर असेल तर ठीक. त्या दोन्ही वेळी संस्थेचा माणूस होडीत असावा, आणि त्याच दिवशी आपलंही शिसं पडावं, त्याच रेघेवरून, त्याच जागांवर. आधीचं सर्वेक्षण कामाच्या अगदी तोंडावर व्हायला हवं. पावसाळ्यापूर्वीचं जुनं सर्वेक्षण धरलं तर चार महिन्यांत नदीने आणलेला गाळ कोणाच्याच हिशेबात बसत नाही आणि काम झाल्यावर खोली कमीच भरते.

त्यानंतरची मोजणी ऑक्टोबरात, पाणी निवळलं की. दांडा पुन्हा धरला असेल तर तो किती महिन्यांत किती आला हे तेव्हा कळतं, आणि पुढच्या टिपणात ‘गाळ काढावा’च्या जागी ‘दर दोन वर्षांनी इतके घनमीटर’ असं लिहिता येतं. खांबावरचा रंग तेवढ्यात उडालेला असतो. बोटी बाहेर पडण्याच्या आधी तो पुन्हा मारून घ्यायचा.